पित्ताची गोळी

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि फोटो डोळ्यांच्या अगदी जवळ नेला. एंडोस्कोपीच्या यंत्रातून निघालेला रंगीत फोटो होता. गुलाबी आतड्यात रुपयाच्या नाण्याएवढा खड्डा, तळाशी पिवळट पांढरा थर आणि त्या थरात एका कडेला काळपट लाल ठिपका.

‘हा ठिपका?’

‘उघडी पडलेली रक्तवाहिनी. तिथूनच रक्त जात होतं. क्लिप लावली. चार पिशव्या रक्त द्यावं लागलं.’

‘आणि हे जठर नाही.’

‘नाही. जठर स्वच्छ होतं. जोड ओलांडून दुर्बीण जेमतेम एक सेंटिमीटर पुढे गेली आणि हे दिसलं. आतड्याच्या बाजूला.’

काकांनी फोटो टेबलावर ठेवला. ‘गोळी मी बंद केली होती,’ ते म्हणाले.

माझे काका कराडला 46 वर्षं जनरल प्रॅक्टिस करताहेत. मी पुण्यात पोटाच्या शस्त्रक्रिया करते, त्यातही जास्त करून यकृत, पित्तनलिका आणि स्वादुपिंडाच्या. आमचे वाद नवे नाहीत. मी एमबीबीएसला असल्यापासून ते चालू आहेत आणि जेवणाच्या ताटावर संपतात. या वेळचा वाद एका माणसावरून होता आणि तो माणूस त्या रविवारीही आमच्या आयसीयूत होता. एसटीतून निवृत्त झालेले चालक, वय 64, राहणार कराडजवळच्या एका गावात. सहा वर्षांपूर्वी त्यांना कावीळ झाली होती. पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नळी आतड्यात जिथे एकत्र उघडतात, त्या तोंडाशीच, म्हणजे अँपुलापाशी, कॅन्सर निघाला. एका मोठ्या शहरात त्यांचं व्हिपल ऑपरेशन झालं. कॅन्सर परत आला नाही. या सहा वर्षांत त्यांनी दोन मुलींची लग्नं केली, शेतात विहीर पाडली. मग एका पहाटे ते संडासात चक्कर येऊन पडले. हिमोग्लोबिन 5.6 होतं.

काकांनी लाकडी खणातून त्यांचं कार्ड काढलं. काका अजून कार्डावरच लिहितात. दोन वर्षांपूर्वीच्या तारखेपुढे निळ्या शाईत लिहिलं होतं : जळजळ नाही, आंबट ढेकर नाही. बी-12 कमी. पित्ताची गोळी बंद. 9 गोळ्यांच्या 6 केल्या.

‘हे वाचून राग आला असेल तुला.’

‘राग नाही आला, काका. पण ती गोळी चालू असायला हवी होती.’

‘आधी माझं ऐकून घे,’ ते म्हणाले. ‘माझ्याकडे रोज पाच-सात माणसं अशी येतात, की प्लॅस्टिकची पिशवी या टेबलावर रिकामी करतात. त्यात हृदयवाल्याने दिलेली पित्ताची गोळी असते, हाडवाल्याने दिलेली पित्ताची गोळी असते, नाव निराळं, औषध एकच. टायफॉइडच्या वेळी पाच दिवसांसाठी दिलेली गोळी आठ वर्षं चालू असते. का घेता विचारलं, तर म्हणतात, डॉक्टरांनी दिली. कुठल्या? ते आठवत नाही. औषध सुरू करायला सगळे आहेत, बंद करायला कोणी नाही. ते काम फॅमिली डॉक्टरचं. मी ते मन लावून करतो आणि आजवर त्याने कोणाचं वाईट झालेलं मला माहीत नाही.’ थोडं थांबून ते म्हणाले, ‘परवापर्यंत नव्हतं.’

‘तुमचा नियम बरोबरच आहे. आमच्याच वॉर्डातून घरी जाणाऱ्या निम्म्या लोकांना ती गोळी उगीच लिहिलेली असते.’

‘मग याचं वेगळं काय?’

‘याच्या पोटाचा नकाशा वेगळा आहे.’

मी त्यांच्या प्रिस्क्रिप्शनच्या पॅडवर चित्र काढायला घेतलं. व्हिपल ऑपरेशनात स्वादुपिंडाचं डोकं जातं. त्याला बिलगून असलेलं ड्युओडेनम, म्हणजे लहान आतड्याचा पहिला वळसा, तोही जातो, कारण दोघांचा रक्तपुरवठा एकच आहे. पित्ताशय जातं, पित्तनलिकेचा खालचा तुकडा जातो, आणि बऱ्याचदा जठराचा खालचा भागही जातो. मग पुढचं आतडं, जेजुनम, वर ओढून घ्यायचं आणि त्याला ओळीने तीन जोड द्यायचे. आधी उरलेलं स्वादुपिंड, मग पित्तनलिका आणि शेवटी जठर. अल्सर होतो तो या तिसऱ्या जोडापाशी, जेजुनमच्या बाजूला.

‘जठरात आम्ल तयार होतं, ते कोणी विझवायचं?’ मी विचारलं. ‘जन्मापासून ते काम ड्युओडेनमच्या हद्दीत होतं. त्याच्या भिंतीतल्या ग्रंथी अल्कली सोडतात, स्वादुपिंडाचा लिटर-सव्वा लिटर अल्कली रस रोज तिथे येऊन पडतो, पित्तरसही तिथेच येतो. शिवाय आम्ल आलं की ड्युओडेनमच रक्तातून जठराला निरोप धाडतं, की आता पुरे. आपण ते ड्युओडेनमच काढून टाकतो. जठराला निरोप देणारं कोणी राहत नाही, आणि त्याच्या तोंडाशी जेजुनम बसवतो. जेजुनमला आम्लाची सवय नाही.’

मराठीत या गोळीला जे नाव पडलं आहे, तिथूनच घोटाळा सुरू होतो, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. आपल्याकडे छातीत जळजळलं की ‘पित्त झालं’ म्हणतात. आंबट पाणी तोंडाशी आलं की पित्त, डोकं दुखून उलटी झाली की पित्त. वास्तविक ते जठराचं आम्ल असतं. यकृतातून येणारा खरा पित्तरस आंबट नसतोच, तो आम्ल सौम्य करायला मदत करतो. पण पँटोप्रॅझोल घरोघरी ‘पित्ताची गोळी’ झाली आणि गोळीबरोबर तिचा अर्थही पक्का झाला. पित्त झालं तर घ्यायची, पित्त नसलं तर कशाला? आमच्या या चालकाला चार वर्षं पित्त झालं नव्हतं. कारण तो गोळी घेत होता.

‘हे त्याला कोणी सांगितलं होतं?’ काकांनी विचारलं.

‘माहीत नाही.’

‘मला कोणी सांगितलं होतं?’

त्यांनी कार्डाला टाचलेली डिस्चार्जच्या कागदाची झेरॉक्स माझ्यापुढे सरकवली. सहा वर्षांच्या घड्यांनी अक्षरं पुसट झाली होती. ऑपरेशनचं नाव, तारीख, बायॉप्सीचा निकाल, आणि औषधांच्या यादीत पाचवी ओळ : पँटोप्रॅझोल 40, रोज 1, चालू ठेवणे. पुढच्या ओळीत मल्टिव्हिटॅमिन होतं. त्यापुढेही ‘चालू ठेवणे’.

‘आता यातलं कोणतं जीवनमरणाचं आणि कोणतं उगीचचं, हे मी कशावरून ओळखायचं?’

मला उत्तर देता आलं नाही. माझ्या संगणकात डिस्चार्जच्या कागदाचा जो साचा आहे, त्यातही ती ओळ अशीच आहे.

काका हार मानणारे नाहीत, आणि मी त्यांच्याशी वाद घालते तो त्यासाठीच. ते चित्राकडे बघत राहिले आणि म्हणाले, ‘तू म्हणतेस तसं असेल, तर प्रत्येकाला अल्सर व्हायला हवा. होतो का?’

‘नाही.’

‘कितीजणांना होतो?’

‘निरनिराळे आकडे आहेत. बऱ्याच अभ्यासांची गोळाबेरीज केली तर शंभरात दोन-तीन. काही ठिकाणी त्याहून जास्त. बहुतेकांना पहिलं वर्ष उलटल्यावर होतो. याच्यासारखे सहा वर्षांनीही भेटतात.’

‘म्हणजे शंभरातले 97 जण जन्मभर उगीच गोळी खाणार. तू ऑपरेशन थिएटरमध्ये बसून ते तिघे बघतेस. उरलेले 97 माझ्या या बाकावर बसलेले असतात.’

हा मुद्दा मी इथे जशाचा तसा लिहिते आहे, कारण तो खरा आहे. ऑपरेशननंतर ही गोळी किती दिवस द्यायची, याबद्दल स्वादुपिंडाच्या शल्यविशारदांमध्येही एकमत नाही. कोणी काही महिने देतात, कोणी वर्षभर, कोणी कायमची. ज्यावर बोट ठेवून वाद संपवता येईल असा भक्कम तुलनात्मक प्रयोग नाही. मी कायमची देणाऱ्यांपैकी आहे. पण ते मी पुराव्याच्या एका कागदावरून ठरवलेलं नाही. शरीररचना माहीत आहे आणि असे खड्डे डोळ्यांनी पाहिले आहेत, त्यावरून ठरवलं आहे.

मी काकांना कुत्र्यांची गोष्ट सांगितली. 1923 साली अमेरिकेत मेयो क्लिनिकमधल्या फ्रँक मान आणि कार्ल विल्यमसन या दोघांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. जठर थेट जेजुनमला जोडलं आणि ड्युओडेनमचा सगळा प्रवाह, पित्तरस आणि स्वादुपिंडाच्या रसासकट, खूप खाली, लहान आतड्याच्या शेवटी नेऊन सोडला. जठरातलं आम्ल जेजुनमवर पडू लागलं आणि ते विझवायला काहीच उरलं नाही. जवळपास सगळ्या कुत्र्यांना अल्सर झाले, तेही जोडाच्या अगदी पलीकडे, आम्लाची धार जिथे लागते तिथे. शल्यविशारद आजही त्याला मान-विल्यमसन अल्सर म्हणतात.

‘पण तुम्ही रस खाली नेऊन सोडत नाही,’ काकांनी लगेच चित्रातल्या पहिल्या दोन जोडांवर बोट ठेवलं. ‘हे बघ, तूच काढलंयस. स्वादुपिंड आणि पित्तनलिका आधी, जठर नंतर. म्हणजे अल्कली वरून वाहत येते आणि जठराच्या जोडावरूनच पुढे जाते. कुत्र्यांची गोष्ट इथे लागू होत नाही.’

‘पूर्ण लागू होत नाही, म्हणून तर शंभरातल्या शंभर जणांना होत नाही. पण किती अल्कली येते? स्वादुपिंड अर्धंच उरलंय. ज्या कॅन्सरसाठी किंवा सुजेसाठी ऑपरेशन केलं, त्याने ते आधीच सुकत आलेलं असतं. पुढे त्याचा जोड आकसतो आणि रस कमी होत जातो. काही ठिकाणी जोडांची मांडणी निराळी असते, रस दुसऱ्या फाट्याने खाली जातात आणि जठराच्या जोडाला शिवतही नाहीत. मग ते मान-विल्यमसनच्या बरंच जवळ जातं.’

काका गप्प झाले. पॅड स्वतःकडे ओढून त्यांनी जठर आणि जेजुनमच्या जोडाभोवती पेनाने गोल काढला. गोलाकडे बघत बसले. मग त्यांचा आवाज बदलला.

‘अगं, हा तर आमचा स्टोमल अल्सर.’

1975 साली काका ससूनला इंटर्न होते. त्या काळी अल्सर म्हणजे रोजचा धंदा होता. रात्री-अपरात्री पोट लाकडासारखं कडक झालेला माणूस यायचा, ड्युओडेनमच्या अल्सरला भोक पडलेलं असायचं. दिवसा अल्सरच्या ठरवलेल्या शस्त्रक्रिया चालायच्या. जठर जेजुनमला जोडायचं आणि सोबत व्हेगस नस कापायची, म्हणजे आम्ल कमी होईल. ‘आमचे सर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे,’ काका म्हणाले. ‘नुसतं जठर आतड्याला जोडून मोकळे होऊ नका. नस कापली नाही तर जोडावर अल्सर येणार. आधीच्या पिढीने नुसते जोड दिले आणि वर्षा-दोन वर्षांनी तीच माणसं रक्त ओकत परत आली, हे त्यांनी पाहिलं होतं.’

मग 1976 साली इंग्लंडमध्ये आम्ल कमी करणारं सिमेटिडीन आलं. त्यामागून रॅनिटिडीन आलं, पुढे ओमेप्रॅझोल आलं. अल्सरची मुळं जंतूत आहेत हे वॉरन आणि मार्शल यांनी दाखवलं आणि 2005 साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. ससूनच्या त्या वॉर्डातली गर्दी हळूहळू ओसरली. नस कापणं माझ्या पिढीने पुस्तकात वाचलं. मी स्वतः ते फार थोड्या वेळा पाहिलं आहे.

‘म्हणजे तुमच्या व्हिपलमध्ये जठर जेजुनमला जोडतात,’ काका सावकाश म्हणाले, ‘आणि नस कापत नाहीत.’

‘मुद्दाम कापत नाही. गोळी आहे ना.’

‘गोळी म्हणजेच नस कापणं.’

इतकं नेमकं मी कुठल्या परिषदेत ऐकलेलं नाही. काकांना हे 1975 पासून माहीत होतं. त्यांच्या पेशंटच्या पोटात तोच जोड आहे, एवढंच त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. ‘व्हिपल’ या नावात जठराचा उल्लेख नाही, आतड्याचाही नाही. ऐकणाऱ्याला ते फक्त स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन वाटतं.

न्यूयॉर्कच्या ॲलन व्हिपल यांनी हे ऑपरेशन 1935 साली प्रसिद्ध केलं, तेव्हा ते दोन टप्प्यांत करावं लागे. उरलेल्या स्वादुपिंडाचं तोंड ते बंदच करून टाकत, जोड गळेल या भीतीने. आयुष्यभरात त्यांनी अशी 37 ऑपरेशनं केली. त्या काळात रुग्ण टेबलावरून उतरला, पहिला महिना पार पडला, तरी पुष्कळ होतं. दहा वर्षांनी जोडावर काय होईल, हा प्रश्न विचारायला फार कोणी उरत नसे. आज मोठ्या केंद्रांत या ऑपरेशनमध्ये दगावणारे शंभरात पाचांच्याही आत आले आहेत. अँपुलाचा कॅन्सर लवकर सापडला, तर माणूस वर्षानुवर्षं धडधाकट राहतो. उशिरा येणारा अल्सर हा या जगलेल्या माणसांचा आजार आहे, आणि ती माणसं शल्यविशारदाकडे नसतात. ती गावी परतलेली असतात.

‘ठीक आहे,’ काका म्हणाले. ‘पण गोळीचे तोटे तू झाकून ठेवू नकोस. त्याचं बी-12 कमी होतं, म्हणून तर मी हात घातला. हाडं ठिसूळ होतात, किडनी बिघडते, असं छापून येतं.’

‘बी-12 कमी होतं हे खरं. पण व्हिपल झालेल्याचं ते तसंही कमी होतं, कारण ते शोषायला स्वादुपिंडाची पाचकद्रव्यं लागतात. त्याला इंजेक्शन आहे. हाडांचं आणि किडनीचं बरंचसं म्हणणं नुसत्या निरीक्षणांवरून आलेलं आहे. 2019 साली एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. 17,598 हृदयरुग्णांना चिठ्ठ्या टाकून कोणाला पँटोप्रॅझोल दिलं, कोणाला तशीच दिसणारी रिकामी गोळी. तीन वर्षांच्या आसपास लक्ष ठेवलं. ठळक फरक एकच निघाला, आतड्याचे संसर्ग थोडे जास्त. शंभरात 1 च्या जागी 1.4.’

‘तीन वर्षं. तू तीस वर्षं द्यायचं म्हणतेस.’

‘हो. त्यापुढचं मी ठामपणे सांगू शकत नाही. पण दुसऱ्या पारड्यातही बघा. तो पाचकद्रव्यांच्या कॅप्सूल घेतो ना? त्यातलं चरबी पचवणारं द्रव्य आम्लात मरतं. अल्कली पुरेशी नाही आणि गोळीही नाही, मग त्या महागड्या कॅप्सूल बऱ्याचशा वाया जातात.’

काकांनी कार्ड पुन्हा उचललं. गोळी बंद केल्यानंतर चार महिन्यांनी लिहिलेली ओळ त्यांनी मला वाचून दाखवली. वजन 3 किलो कमी. शौच तेलकट, तरंगते. सोनोग्राफी सांगितली, कॅन्सर परत आला का पाहणे. सोनोग्राफी चांगली आली होती, आणि मग पुढे काही लिहिलेलं नव्हतं.

‘मी कॅन्सर शोधत होतो,’ ते म्हणाले.

‘सगळे तेच शोधतात. आम्हीसुद्धा. एकदा कॅन्सर होऊन गेला की पुढची प्रत्येक तक्रार त्याच्याच नावावर जमा होते. पोट दुखलं, रक्त कमी झालं, वजन उतरलं, की स्कॅन. स्कॅनमध्ये एवढासा अल्सर दिसत नाही. स्कॅन चांगला आला की सगळे सुटकेचा श्वास टाकतात आणि दुर्बीण टाकायची राहून जाते.’

त्यानंतर काका जे बोलले ते त्यांच्या परवानगीनेच लिहिते आहे. ते म्हणाले, ‘सहा महिन्यांपूर्वी त्याचं रक्त 9 वर आलं होतं. ड्युओडेनम नाही म्हटल्यावर लोह नीट शोषलं जात नाही, एवढं मला माहीत होतं. मी लोहाच्या गोळ्या दिल्या. महिन्याने तो म्हणाला, डॉक्टर, शौच काळी होते. मी म्हणालो, लोहाची गोळी घेतली की होतेच.’

दवाखान्यातला पंखा फिरत होता. बाहेर काकू चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या आणि आमचे चेहरे बघून तशाच थांबल्या.

लोहाने शौच काळी होते, पण ती हिरवट काळी आणि घट्ट असते. जठरातून किंवा वरच्या आतड्यातून रक्त गेलं की ती डांबरासारखी होते, चकचकीत, चिकट, पाणी टाकलं तरी न सुटणारी, आणि तिला एक उग्र घाण वास येतो. एकदा पाहिली की माणूस विसरत नाही. हे काकांनाही माहीत होतं. पण पेशंटने ‘काळी’ एवढाच शब्द वापरला, आणि शौचाबद्दल आपल्याकडे कोणी त्याहून जास्त बोलत नाही.

‘एक सांगतो, माझी बाजू मांडायला नव्हे,’ काका थोड्या वेळाने म्हणाले. ‘गोळी बंद करून दीड वर्ष त्याचं रक्त ठीक होतं. मग बिघडलं. मध्ये काय झालं?’

ते मला आयसीयूत चालकांच्या बायकोकडून कळलं होतं. गुडघे. तीस वर्षं क्लच दाबलेला गुडघा. मेडिकलमधून कोणीतरी सांगितलेली दुखण्याची गोळी त्यांनी सात-आठ महिने रोज घेतली होती, कधी सकाळ-संध्याकाळ. डायक्लोफिनॅक. कागदावर कुठे नाही, कार्डावर कुठे नाही, कारण ते त्याला औषध समजतच नव्हते. आणि विडी, जी ऑपरेशननंतर सुटली होती, ती मुलीच्या लग्नाच्या धावपळीत पुन्हा लागली होती.

‘मग अल्सर त्या गोळीने केला,’ काका म्हणाले.

‘दोन्हींनी. आम्ल होतंच, पण आतड्याचं अस्तर स्वतःला सांभाळून होतं. दुखण्याच्या गोळीने ते सांभाळणं काढून घेतलं, विडीने रक्तपुरवठा आवळला. पँटोप्रॅझोल चालू असतं तर कदाचित निभावलं असतं. डायक्लोफिनॅक नसतं तरी कदाचित निभावलं असतं.’

‘म्हणजे माझं म्हणणं उरतंच,’ ते म्हणाले, आणि या वेळी त्यांच्या आवाजात पुन्हा तो नेहमीचा वादाचा जोर आला. मला बरं वाटलं. ‘सरसकट सगळ्यांना जन्मठेप देऊ नकोस. वर्षभर द्या. मग दुर्बीण टाकून जोड बघा, जंतूची तपासणी करा, असला तर घालवा. विडी ओढणारा, दुखण्याची गोळी खाणारा, आधी अल्सर झालेला, रस दुसऱ्या फाट्याने नेलेला, अशांना कायमची. बाकीच्यांची विचारपूर्वक बंद करा.’

‘आणि बंद केल्यावर सहा वर्षांनी गुडघा दुखला तर? तेव्हा तो मेडिकलमध्ये जाणार. तुमच्याकडे नाही, माझ्याकडे तर नाहीच.’

त्यावर मात्र त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. माणूस आयुष्यभर एकाच धोक्याच्या पट्टीत राहत नाही. आज विडी नाही, उद्या लागते. आज स्टेंट नाही, उद्या बसतो आणि ॲस्पिरिन सुरू होतं. ते ॲस्पिरिन तर थांबवताही येत नाही, म्हणून मग ही गोळी आणखीच पक्की लागते. काकांच्या पद्धतीसाठी असा कोणीतरी लागेल, जो तीस वर्षं त्या माणसावर नजर ठेवेल. काका आहेत तोवर कराडमध्ये तसा एक माणूस आहे. इतर किती गावांत आहे? माझं मत मी बदललेलं नाही. व्हिपल झालेल्याची ही गोळी चालू राहावी, आणि ती बंद करायचीच असेल तर ज्याला तो नकाशा माहीत आहे त्याने, पेशंटला समोर बसवून, त्या निर्णयाचं कारण लिहून बंद करावी. काकांचं मतही फारसं बदललेलं नाही. त्यांनी फक्त ‘जळजळ नाही’ हे कारण खोडलं.

चहा झाल्यावर आम्ही दोघांनी मिळून एक मजकूर लिहिला. माझा पहिला मसुदा पानभर झाला. काकांनी त्यातलं तीन चतुर्थांश कापलं. ‘माझ्या बाकावर बाहेर चाळीस माणसं असतात, मी सात ओळी वाचेन,’ ते म्हणाले. उरला तो असा :

‘या पेशंटचं ड्युओडेनम आणि स्वादुपिंडाचं डोकं काढलेलं आहे. जठर थेट जेजुनमला जोडलेलं आहे. पँटोप्रॅझोल जळजळीसाठी नाही, जोडावर अल्सर होऊ नये म्हणून आहे. जळजळ नसली तरी चालू ठेवावं. बंद करण्याआधी आम्हाला फोन करावा. दुखण्यासाठी फक्त पॅरासिटामॉल. विडी, सिगारेट नाही. रक्त कमी झालं किंवा शौच काळी झाली, तर लोहाच्या गोळ्यांवर न थांबता दुर्बीण.’

त्या सोमवारपासून आमच्या डिस्चार्जच्या कागदावर हा मजकूर औषधांच्या यादीच्या वर छापला जातो, मराठीत, म्हणजे तो पेशंटलाही वाचता येतो आणि मेडिकलवाल्यालाही. गोळीपुढे आता ‘चालू ठेवणे’ नाही, ‘जोडासाठी’ असं असतं.

आमचे चालक नवव्या दिवशी घरी गेले. तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण टाकली. खड्ड्याच्या जागी फिकट पांढरा व्रण होता आणि त्याच्याकडे सगळ्या बाजूंनी गुलाबी सुरकुत्या ओढल्या गेल्या होत्या. तो फोटो मी काकांना पाठवला. त्यांनी तो छापून त्या कार्डाला टाचला. याआधी असाच अल्सर फुटून आलेला एक पेशंट माझ्या हातून गेला आहे. व्हिपल झालेलं पोट दुसऱ्यांदा उघडताना सगळं एकमेकांना चिकटलेलं असतं, आणि त्या रात्री मला जोडापर्यंत पोचायलाच दोन तास लागले होते.

तुमच्या घरात किंवा शेजारी कोणाचं स्वादुपिंडाचं असं मोठं ऑपरेशन झालेलं असेल, तर आज त्यांची गोळ्यांची पिशवी उघडून बघा. पित्ताची गोळी त्यात आहे का, नसेल तर ती कोणी आणि का बंद केली, हे विचारा आणि ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांना फोन करा. पिशवीत गुडघ्याची, पाठीची, डोकेदुखीची म्हणून आणलेली एखादी गोळी असेल, तर तिचं नावही त्यांना वाचून दाखवा. आणि शौच डांबरासारखी काळी, चिकट होत असेल, तर सकाळ होण्याची वाट बघू नका, त्याच रात्री निघा.